यशवंत नव्हे, याबेस

याबेस,

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले, आणि या एकोणीस दिवसांत, अगदी आज दुपारपर्यंत, मला कुणी उखर्डू म्हणून हाक मारली नव्हती. बुऱ्हाणपुरात ते नाव आता कुणाला ठाऊकच नाही. शाळेच्या ऑफिसात मी बडे बाबू, बायकोचा 'अहो', पोरांचा अण्णा आणि कागदावर उत्तमराव. गावी, दापोऱ्याला, माझी आई होती तोवर ती म्हणायची. ती गेल्यावर तू एकटा उरला होतास. भर बाजारात, माव्याच्या जिलबीच्या दुकानासमोर, ओळखीच्या चार माणसांत तू "ए उखर्डू!" म्हणून ओरडायचास आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मागच्या दिवाळीत तर मी तुला बजावलं होतं, की यापुढे लोकांत हे नाव घेतलंस तर ओळखसुद्धा दाखवणार नाही. तू हसलास. म्हणालास, "ओळख नको दाखवू रे, नुसतं वळून बघ." परवा त्याच दुकानासमोर मी बराच वेळ उगाच उभा होतो. दुकानदाराने विचारलं, किती बांधू? मी काहीच न घेता घरी आलो.

आपली दोस्ती नावांवरूनच झाली. मी पाचवीला दापोऱ्याहून इथे लोधीपुऱ्यात मामाकडे शिकायला आलो. पहिल्याच दिवशी हजेरीत माझं नाव आलं आणि वर्ग खिदळला. पुढे दोन नावांनंतर तुझं आलं, तेव्हा हसायचं की नाही हेच पोरांना कळेना, कारण असं नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत तू माझ्याजवळ येऊन सरळ विचारलंस, "तुझं नाव असं का ठेवलं?" मी सांगून टाकलं. माझ्याआधी आईची तीन पोरं गेली होती. म्हणून मी जन्मल्याबरोबर सुईणीने मला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या काकूने तिथून उचललं आणि आईने मूठभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. टाकून दिलेल्या पोराकडे मृत्यू कशाला ढुंकून बघेल, असा त्यामागचा विचार. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "माझ्या आईनेपण असंच काहीतरी केलंय. चल, तिलाच विचार."

तुझी आई तेव्हा स्टेशनजवळच्या खोलीत राहायची. तुझे वडील रेल्वेत तारबाबू होते, ते तू जन्मायच्या महिनाभर आधी तापाने गेले. आपण गेलो तेव्हा ती मोठ्या ताटात मलिदा करत होती. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि भोवती फळं. कुठलासा नवस फिटला होता. माझ्या हातावर मलिदा ठेवत तिने सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "तीन दिवस कळा दिल्या बेटा या पोराने. नवरा गेलेला, माहेर कोकणात, इथे भाषेचीसुद्धा धड माणसं नाहीत. मी म्हटलं, सगळे लोक पोरांची नावं आनंदावरून ठेवतात. मला आनंद नव्हता. जे होतं तेच ठेवलं." याबेस म्हणजे दुःखाने जन्माला घातलेला. आठव्या दिवशी सुंता करायला मुंबईहून आलेल्या जाणत्यांनी नाक मुरडलं होतं. शलोमोन ठेवा, हारून ठेवा, बापाचं नाव ठेवा, असलं नाव आपल्या लोकांत कुणाचंच नाही. ती म्हणाली, नसेल तर आता होईल.

त्या म्हाताऱ्यांपैकी एकाने जाता जाता तिला सांगितलं होतं, की आपल्या ग्रंथाच्या जुन्या भाषेत या नावात दुःख या शब्दाचीच अक्षरं आहेत, फक्त मागेपुढे केलेली. दुःख आलंच शोधत, तर त्याला आपलं घर ओळखू येऊ नये म्हणून. हे खरं की त्या म्हाताऱ्याने तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, कोण जाणे. पण मला एकदम दापोऱ्याचा उकिरडा दिसला. कुठे कोकणातले तुम्ही शनिवार पाळणारे यहुदी लोक आणि कुठे आम्ही तापीकाठचे केळीवाले, पण आयांची अक्कल एकच.

नंतर कधीतरी तू मला त्या नावाची उरलेली गोष्ट सांगितलीस. तुमच्या ग्रंथात नावांची लांबलचक यादी आहे, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा, वाचणाऱ्याला झोप यावी अशी. आणि त्या यादीत मध्येच एका माणसापाशी लिहिणारा थांबतो. याच्या आईने याला दुःखात जन्म दिला आणि नाव तसंच ठेवलं. हा मोठा होऊन देवाला म्हणाला, माझं भलं कर, माझी हद्द वाढव, हात धर आणि दुःखापासून मला लांब ठेव. देवाने ते दिलं. बस. यादी पुन्हा सुरू. त्याची बायको कोण, पोरं किती, काही नाही. तू सांगायचास तेव्हा मी चेष्टा करायचो, की तुमच्या देवाचं ऑफिस आमच्यापेक्षा बरं दिसतं, अर्ज आला की लगेच मंजूर. आता तू नाहीस, तुझं लग्न जमता जमता राहून गेलं, मागे पोरबाळ नाही, आणि मला त्या दोन ओळींचा फार आधार वाटतो.

पुढे मी ज्या शाळेत बाबू झालो, तिथेच तू भूगोल शिकवायचास. शनिवारी मात्र खडू हातात धरायचा नाहीस. तुमच्यात त्या दिवशी लिहिणं वर्ज्य, म्हणून शनिवारी तू पोरांना डोळे मिटायला लावून नद्या सांगायचास. तापी कुठून निघते, कुठे वळते, पोरं हवेत बोट फिरवून दाखवायची. हजेरीपुस्तकात तुझी शनिवारची सही सोमवारी व्हायची आणि ते मी चालवून घ्यायचो. माझ्या नोकरीत मी केलेल्या चार बऱ्या गोष्टींपैकी ती एक आहे.

मग ती सरहद्दींची वर्षं आली. राज्यं भाषेवरून नव्याने आखायला आयोग बसला. मराठी जिल्हे तिकडे जाणार, आपलं बुऱ्हाणपूर कुठे पडणार, याच्या सभा व्हायच्या आणि मी प्रत्येक सभेला जायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. तू यायचा नाहीस. घाटावर बसून मला डिवचायचास, "माझ्या नावाने माग ना. हद्द वाढवून मागितलेली आणि मिळालेली, आमच्या यादीत एकट्याचीच नोंद आहे." मी चिडून म्हणालो होतो, तुला काय, तुझं ना हे गाव ना ते. हे मी बोललो, याबेस. मराठीत जन्मलेल्या, मराठीत प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाला. तू पाण्याकडे बघत राहिलास आणि मग विचारलंस, "भूक लागली का?" मी तेव्हा माफी मागितली नाही. नंतरही नाही.

चार तुकडे जोडून नवं राज्य झालं. आपण इकडेच राहिलो. सगळं हिंदीत आलं, चार ठिकाणच्या नोकरांच्या याद्या एकत्र व्हायला लागल्या, कोण वर, कोण खाली, कुणाची बदली, रोज नवी अफवा. शाळेतल्या सगळ्यांची सर्व्हिस बुकं नव्याने लिहून पाठवायचा हुकूम आला आणि ते काम माझ्याकडे होतं. त्याआधी एक साहेब तपासणीला येऊन गेले होते. तुझ्या नावावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "ये कौन है भाई? विलायती है क्या?" मी हसून वेळ मारून नेली खरी. वाटलं, या नावापाशी प्रत्येक साहेब अडखळणार, कागद बाजूला काढणार, आणि तुला म्हाताऱ्या आईसकट कुठल्या कुठे फेकणार.

मी स्वतः मॅट्रिकच्या फॉर्मवर उखर्डूचा उत्तम झालो होतो. त्याने माझं भलंच झालं, अशी माझी खात्री होती. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "नाव बदलव बाप्पा, पन मंग मी हाक कोनाले मारू?" मी तिलाही हसलो होतो. तर त्याच शहाणपणाने मी तुझ्या सर्व्हिस बुकात, माझ्या वळणदार अक्षरात, यशवंत असं लिहिलं. तुला न विचारता. मला वाटलं, तू आभार मानशील.

यादी भिंतीवर लागली त्या दिवशी तू ती वाचून ऑफिसात आलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू विचारलंस, "हे तू लिहिलंस?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच लिहिलं. यशवंत चांगलं नाव आहे." तू म्हणालास, "चांगलंच आहे. पण ते माझ्या आईने ठेवलेलं नाही. तिच्याकडे मला द्यायला दुसरं काही नव्हतं रे. नवरा नव्हता, घर नव्हतं. तेवढी एक गोष्ट होती आणि ती तू खोडलीस." मग म्हणालास, "दुरुस्त कर." मी म्हटलं, करतो.

केलं नाही. दुरुस्ती करायची तर लिहून द्यावं लागणार होतं, की जुन्या कागदात नाव बरोबर असताना मी जाणूनबुजून बदललं. म्हणजे चौकशी, म्हणजे माझ्या नोकरीवर शेरा. मी आज करतो, उद्या करतो म्हणत अडीच वर्षं काढली. तू मात्र रोज सकाळी हजेरीपुस्तकात यशवंत या छापल्यासारख्या नावासमोर ठळक अक्षरांत 'याबेस' अशी सही करत राहिलास. रोज. मी ते पान उलटताना दुसरीकडे बघायचो. बदलून आलेले मास्तर आणि नवी पोरं तुला यशवंत सरच म्हणायला लागली. तू त्यांना ओ द्यायचास. माझ्यापाशी मात्र महिन्यातून एकदा विचारायचास, "झाली का रे?" आणि तरी माझ्याबरोबर घाटावर येणं तू सोडलं नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर माझं तोंड पाहिलं नसतं.

मग कावीळ झाली. तीन आठवडे. शेवटच्या आठवड्यात भुसावळहून तुमच्यातले प्रार्थना म्हणणारे काका आले. त्यांनी तुझ्या आईला सांगितलं, की माणूस फार आजारी असला की आपल्यात त्याचं नाव बदलतात, नवं नाव देतात. हईम ठेवू, हईम म्हणजे जीवन. बोलावणं ज्या नावाने आलंय त्या नावाचा माणूस सापडायला नको. मी तिथेच कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, तुमच्यात जन्मल्यावर फसवतात, आमच्यात शेवटी." ती तयार होती. तिने तीन दिवसांच्या कळा ज्या नावात ठेवल्या, ते नाव ती तुझ्यासाठी सोडायला तयार होती. तू पिवळे डोळे उघडलेस आणि म्हणालास, "नको. एकदा बदललंय, तेवढं बस झालं."

काका बाहेर गेले. मग तू मला विचारलंस, "झाली का रे दुरुस्ती?"

मी म्हटलं, "झाली."

"दाखव."

"उद्या कागद आणतो."

तू म्हणालास, "बरं." आणि मग, "मोसंबं घे, आईने सोललंय." मी मोसंब्याच्या दोन फोडी खाल्ल्या. खरंच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो होतो तेव्हा निरोप आला.

तुमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. भुसावळहून गाडीने सात आले. मी, दोन मास्तर आणि शेजारचे विणकर असे आणखी कितीतरी जण अंगणात होतो, पण आमची मोजदाद तिथे चालत नव्हती, आणि ते ठीकच होतं. दहा होईनात, तेव्हा सातांत चालते तेवढीच प्रार्थना करायचं ठरलं, आणि काकांनी तीत घ्यायला तुझं नाव विचारलं, खात्री करायला. नव्या मास्तरांपैकी एक जण चटकन पुढे होऊन आदराने म्हणाला, "यशवंत सर." आतून तुझ्या आईचा आवाज आला, "याबेस!" इतक्या मोठ्याने ती आयुष्यात बोललेली मी ऐकली नव्हती. त्या बिचाऱ्या मास्तरला कळलंच नाही आपलं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला त्या वेळी वाटलं, की कुणीतरी मला उचलून पुन्हा त्या उकिरड्यावर ठेवावं आणि या वेळी परत घेऊ नये.

तुमच्या सुतकाचे सात दिवस आई जमिनीवर बसून होती. आठव्या दिवशी तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "तू त्याला कागद दाखवणार होतास ना. मला दाखव." मी म्हटलं, आणतो.

नगरपालिकेत गेलो. मृत्यूची नोंद सर्व्हिस बुकावरून झाली होती. यशवंत. तिथल्या बाबूला म्हटलं, हे नाव चूक आहे. तो म्हणाला, "बडे बाबू, रेकॉर्डमध्ये जे हाये तेच आपुन लिवलं. तुमच्या शाळेचं लेटर आना, की वो नाम गलत था. मी आत्ता काटतो." मग हसून म्हणाला, "राहू द्या ना. आता गेलेल्या मानसाले काय फरक पडते?" त्याच्यावर मी एवढा ओरडलो की पलीकडच्या खोलीतले लोक उठून आले. खरं तर मी अडीच वर्षं हेच म्हणत होतो, फक्त तू जिवंत होतास.

घरी आलो, दोन दिवस जेवण गेलं नाही. मग काल अर्ज लिहिला. जुन्या पुस्तकात नाव याबेस असे स्पष्ट असताना, संबंधित शिक्षकांना न विचारता, मी स्वतःच्या मर्जीने ते बदलले. त्यांनी वारंवार सांगूनही भीतीपोटी दुरुस्ती केली नाही. हिंदीत लिहिला, माझ्या त्याच वळणदार अक्षरात. मोठ्या सरांनी दोनदा वाचला. "बडे बाबू, ये आपने किया?" मी म्हटलं, "जी." त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "ऊपर तो भेजना पड़ेगा. आपका क्या होगा, सोचा है?" सोचा होता. तेवढंच तर अडीच वर्षं केलं होतं. सही करताना उत्तम लिहिलं, आणि मग हात थांबेना, खाली लिहिलं, मूळ नाव उखर्डू. सरांनी तेही वाचलं. शाळेचं पत्र दिलं.

आज सकाळी नगरपालिकेतल्या त्याच बाबूने लाल शाईने यशवंतवर रेघ मारली आणि वर याबेस लिहिलं. मी त्याची नक्कल घेतली आणि दुपारी तुझ्या घरी गेलो.

आईला वाचता कमी येतं. तिने कागद मांडीवर घेतला आणि म्हणाली, "कुठे आहे, बोट ठेव." मी ठेवलं. तिने माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं. "वाच." मी वाचलं. "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, मी त्याच्याशी खोटं बोललो. त्या दिवशी झाली म्हणालो, पण झाली नव्हती. कालच अर्ज दिला." ती कागदाची घडी करत होती. तिने घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "ठाऊक आहे मला. तू गेल्यावर तो म्हणाला, आई, दुरुस्ती झालेली नाही. उखर्डूचं तोंड मला कळतं. पण तू त्याला बोलू नकोस. करील तो."

म्हणजे तू ओळखलं होतंस. ओळखून मोसंबं खायला दिलंस. मला तुझा इतका राग आला, याबेस, आणि तुझ्या आईसमोर म्हाताऱ्या माणसासारखा मी मोठ्याने रडलो. रागावला असतास, तोंडावर थुंकला असतास, तर मी आज एवढा देणेकरी राहिलो नसतो. ती घागरीतून पाणी घेऊन आली आणि मी पिईपर्यंत उभी राहिली.

निघालो. गल्लीत नेहमीसारखी मागांची खडखड चालू होती, ओट्यावर तीनचार ओळखीचे बसले होते, त्यांत आपले नवे मास्तरही होते. मी कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि मागून हाक आली. इतकी वर्षं माझ्या सांगण्यावरून तुझी आई मला उत्तम म्हणायची. आज ती दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "ए उखर्डू! छत्री राहिली रे!"

ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी वळून बघितलं.